हॅन्सनची ‘रोमँटिक’ सिंफनी: हॉर्नवाल्याने कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं?

आधी निकाल. अमेरिकन रचनाकार हॉवर्ड हॅन्सनची दुसरी सिंफनी हॉर्नचा, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या फ्रेंच हॉर्न या पितळी फुंकवाद्याचा, अभ्यास म्हणून ऐकायची असेल, तर खुद्द हॅन्सनने इस्टमन-रॉचेस्टर ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेलं, मर्क्युरी कंपनीचं १९५८ सालचं रेकॉर्डिंग घ्यावं. दिवसभराचं काम आटोपून नुसतं सुखाने ऐकायचं असेल, तर संचालक जेरार्ड श्वार्ट्झ आणि त्याच्या तेव्हाच्या ऑर्केस्ट्राचं, म्हणजे सिअ‍ॅटल सिंफनीचं. आणखी दोन-तीन चांगली आहेत, त्यांचा नंबर नंतर. हा निकाल व्हायोलिनवाल्यांना पटणार नाही, आणि त्यांनी तो पटवून घ्यायचीही गरज नाही. हे परीक्षण ब्रासवाल्यांच्या, म्हणजे पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांच्या, कानाने केलेलं आहे, आणि तो कान मराठवाड्यात भरपूर आहे. जालना, बीड, परभणी, नांदेड, कुठेही जा, बँडपार्टीत ऑल्टो हॉर्न, युफोनियम, ट्रंपेट फुंकणारी माणसं भेटतात. पोलीस बँडमध्ये नोटेशन वाचणारे आहेत, पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी पोरांना शिकवणारेही आहेत. या मंडळींसमोर ऑर्केस्ट्रातला हॉर्न म्हणून आला तर मोत्झार्टचा कॉन्चेर्टो येतो, नाहीतर सिनेमाचं पार्श्वसंगीत. हॅन्सनचं नाव निघत नाही. अमेरिकेत मात्र हॉर्नवाल्यांमध्ये ही सिंफनी फार लाडकी आहे. तिथे तक्रार एवढीच, की ती वाजते फार कमी.

शोधण्यापासूनच घोळ सुरू होतो. ॲपवर नुसतं ‘रोमँटिक सिंफनी’ टाकलं की ब्रुकनरची चौथी समोर येते. तिचं नावही तेच, आणि तीही हॉर्ननेच उघडते, त्यामुळे बराच वेळ ऐकूनही गफलत ध्यानात येत नाही. ब्रुकनरची चार भागांची, तासाभराच्या आसपास चालणारी. हॅन्सनची तीन भागांची, २७-२८ मिनिटांत आटोपणारी. म्हणून ‘हॅन्सन’, ‘सिंफनी नंबर २’ आणि ‘ओपस ३०’ (रचनेचा क्रमांक) हे तिन्ही एकत्र टाका. पहिल्या भागावर ‘अडाजिओ, अलेग्रो मोडेराटो’, दुसऱ्यावर ‘आंदान्ते कॉन तेनेरेत्सा’ आणि तिसऱ्यावर ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ असं दिसलं की पत्ता बरोबर. तीन-चार मिनिटांचा तुकडा ‘इंटरलॉकन थीम’ या नावाने मिळाला तर तो सोडून द्या. तो याच सिंफनीतला आहे, पण आपल्याला हवा तो हॉर्न त्या तुकड्यांत कधी असतो, कधी दुसऱ्याच वाद्याला दिलेला असतो.

थोडी कुंडली. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीनिमित्त त्याचा तेव्हाचा संचालक सर्गेई कुसेवित्स्कीने अनेकांकडून नव्या रचना मागवल्या होत्या. स्ट्राविन्स्कीची ‘सिंफनी ऑफ साम्स’ त्यातलीच, रूसेलची तिसरी सिंफनी आणि प्रोकोफिएवची चौथीही त्यातलीच. हॅन्सनची दुसरी २८ नोव्हेंबर १९३० रोजी बोस्टनमध्ये पहिल्यांदा वाजली. हॅन्सन नेब्रास्का राज्यातल्या वाहू नावाच्या गावचा, स्वीडिश आईबापांचा मुलगा. १९२४ ते १९६४ अशी चाळीस वर्षं त्याने रॉचेस्टरचं इस्टमन संगीत विद्यालय चालवलं. त्याच्या काळात संगीत अधिकाधिक कोरडं, टोकदार होत चाललं होतं. याने मात्र सरळ सांगितलं, की मला भावनेला हात घालणारं, सुरेल, उबदार लिहायचं आहे. सिंफनीचं नावही तसंच ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठांत ज्यांची चलती झाली त्यांनी या वळणाच्या संगीताला जुनाट ठरवलं, आणि हॅन्सन कार्यक्रमपत्रिकांतून मागे पडला. १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाच्या शेवटी या सिंफनीचा तुकडा वापरला गेला तोही त्याची परवानगी न घेता. त्याला ते रुचलं नाही, पण कोर्टात गेला नाही. मिशिगनमधल्या इंटरलॉकनच्या संगीत शिबिरात मात्र गेली कित्येक दशकं कार्यक्रमांचा शेवट याच सिंफनीतल्या एका धुनेने होतो, आणि तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत असा रिवाज आहे. एवढा इतिहास पुरे.

आता हॉर्न कुठे कुठे आहे ते पाहू, कारण रेकॉर्डिंगची पारख त्याच जागांवर होते.

ऑर्केस्ट्रात चार हॉर्न, तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्युबा. त्या काळच्या मानाने हा ताफा मोठा नाही. सुरुवात संथ, लाकडी फुंकवाद्यांनी (बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून) होते. त्यांत आधी हॉर्न मिसळतो, मग बाकीचा ब्रास, शेवटी तंतुवाद्यं, आणि पुन्हा सगळं लाकडी वाद्यांत विरून जातं. इथे हॉर्नने ‘आलो’ असं सांगायचं नसतं. बासून आणि क्लॅरिनेटच्या आवाजातून तो नकळत वर आला पाहिजे. ज्या रेकॉर्डिंगमध्ये हॉर्नचा पहिला सूर ठळक ‘टा’ करून येतो तिथे वाजवणाऱ्याची जीभ जड पडली असं समजा. मग गती वाढते आणि मुख्य धून चार हॉर्न मिळून मांडतात. खाली तंतू आणि लाकडी वाद्यांची खळबळ, वर चार हॉर्नची एक धून. तीच पुढे ट्रंपेट, लाकडी वाद्यं, तंतू अशी फिरते. हॉर्नवाल्याला ही सिंफनी आवडते त्याचं अर्धं कारण हे. चौघांना एकत्र, मोकळ्या छातीने, संगतीला नाही तर मुख्य म्हणून वाजवायची संधी रोज मिळत नाही.

पण चौघे एकत्र म्हणजे चौघांची परीक्षा. सिंफनीचा षड्ज डी-फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी एक. मधल्या काळी एकची कंपनं सेकंदाला साधारण २७७. दोन हॉर्नमध्ये १० सेंटचा, म्हणजे एका अर्ध्या सुराच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडला तरी सेकंदाला दीडेक लाट, म्हणजे आवाजाची चढउतार, ऐकू येते. चौघांत असे तीन वेगवेगळे फरक पडले की आवाज जाड न होता गढूळ होतो. त्याला पुष्कळजण ‘भरदार’ म्हणतात. तो भरदार नसतो, बेसूर असतो. दुसरी अडचण अशी, की हॉर्नच्या विभागात पहिला आणि तिसरा वरच्या पट्टीचे, दुसरा आणि चौथा खालच्या पट्टीचे वादक असतात. एकाच सुरात वाजवताना खालचे दोघे आवाज मागे ठेवतात, कारण सवयच तशी असते. मग धून पातळ, नुसती वरची ऐकू येते. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आणि चौथा मोजता येत नाहीत, पण ते नसते तर काय कमी पडलं असतं ते कळतं.

यानंतर एक छोटी धून आधी ओबोत आणि मग एकट्या हॉर्नमध्ये येते. तिच्या मागून गती उतरते आणि ‘लेंटो’ येतो. इंटरलॉकनवाली धून ती हीच. धून तंतुवाद्यांकडे आहे, आणि तिच्या विरुद्ध अंगाने चालणारी दुसरी ओळ एकट्या हॉर्नकडे. माझ्या मते सगळ्या सिंफनीत हॉर्नसाठी यापेक्षा मोलाची जागा नाही, आणि ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिच्याकडे लक्षच देत नाहीत. कान व्हायोलिनच्या मागे जातो. पहिल्यांदा ऐकताना जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला व्हायोलिन मुद्दाम सोडून हॉर्नची ओळ धरा. ती धुनेला उत्तर देते, धून थांबते तिथे ती चालते, आणि तंतू वर चढतात तेव्हा ती खाली उतरते. वाजवायला अवघड आहे ती दमामुळे. सूर लांब आहेत आणि ओळ तोडायला जागा कमी आहे. श्वास चुकीच्या ठिकाणी घेतला तर तंतुवाद्यांची धून उघडी पडते. त्यात आवाज मऊ ठेवायचा, पण मऊ म्हणजे दबका नाही. दबवला की हॉर्नचा सूर खाली बसतो, आणि वर व्हायोलिन असताना ते लगेच झोंबतं.

रेकॉर्डिंग घ्यायचं की नाही ते ठरवायला ही एकच जागा पुरते. लेंटोत हॉर्नची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने मांडीवर ताल धरून मागे जाता येते का? येत असेल तर घ्या. मध्येच ती गायब होऊन पुन्हा वर येत असेल, तर ऑर्केस्ट्रा कितीही नामांकित असू द्या, हॉर्नच्या अभ्यासाला ते रेकॉर्डिंग कामाचं नाही.

दुसऱ्या भागाची मुख्य धून लाकडी वाद्यांची, खाली तंतूंचा संथ आधार. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर ‘मेलडी’. पण मधल्या भागात ब्रास पहिल्या भागाची सुरुवात परत आणतो, आणि त्यातून जी दुसरी धून उगवते ती पहिल्या भागातल्या हॉर्नच्या एकल ओळीतूनच आलेली आहे. अभंगात ध्रुवपद फिरून फिरून येतं तशी हॅन्सनची मोजकी धून तिन्ही भागांत फिरते. त्यामुळे पहिला भाग सुटा ऐकून थांबू नका. हॉर्नला पहिल्या भागात दिलेल्या गोष्टीची परतफेड पुढे होते.

तिसरा भाग चारही हॉर्नच्या धुनेने झोकात सुरू होतो, मग चेलो आणि इंग्लिश हॉर्नची (हा हॉर्न नव्हे, ओबोच्या घराण्यातलं लाकडी वाद्य) संथ धून, आणि तिच्यानंतर गती वाढून व्हायोला, चेलो, बास बोटांनी तारा छेडू लागतात. त्या छेडण्यावर हॉर्नची हाक येते. ट्रंपेट ती उचलतात, आणि बघता बघता तिची तुतारी होते. ही चढण कशी रचली आहे ते ब्रासवाल्याने नीट ऐकावं. शिखरावर ट्रंपेट पहिल्या भागाची मुख्य धून घेऊन येतात, आणि तुतारीची लय लाकडी वाद्यांकडे जाते. मग पहिल्या भागातली लेंटोची धून पूर्ण ऑर्केस्ट्रात. इथे बिघडतं ते हाकेच्या वेळी. छेडलेल्या तारा सुरुवातीला अगदी हलक्या असतात आणि हॉर्नला मोकळं सोडलेलं असतं. हॉर्नवाला उत्साहात पहिल्याच हाकेला पूर्ण आवाज लावतो, आणि पुढच्या चढणीला जागाच उरत नाही. उत्तम रेकॉर्डिंगमध्ये ही हाक दूर डोंगरापलीकडून आल्यासारखी असते.

आता एकेक रेकॉर्डिंग.

हॅन्सनचं मर्क्युरी. इस्टमन-रॉचेस्टर ऑर्केस्ट्रात इस्टमन विद्यालयाची आणि रॉचेस्टरची मंडळी. मर्क्युरीची ‘लिव्हिंग प्रेझेन्स’ पद्धत अशी, की स्टीरिओसाठी ऑर्केस्ट्रापुढे तीनच मायक्रोफोन टांगायचे, प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माइक ठेवायचा नाही आणि नंतर मिक्सरवर वरखाली करायचं नाही. त्यामुळे जे कानावर येतं ते सभागृहात वाजलं तेच. हॉर्नचं तोंड मागे असतं. आवाज मागच्या भिंतीवर आपटून पुढे येतो, आणि तरीही इथे हॉर्न स्पष्ट ऐकू येतो, कारण संचालकाने तंतूंना तेवढंच वाजवू दिलं. गती चपळ आहे. लेंटोत हॅन्सन फार रेंगाळत नाही, म्हणून हॉर्नची ओळ एका दमात कशी बसवायची ते नेमकं कळतं. दोष सांगतो: तंतुवाद्यांचा आवाज थोडा पातळ, वरच्या पट्टीत ब्रास कधी कधी कडक, आणि जुन्या टेपची सूक्ष्म सरसर शांत जागी जाणवते. कोणी म्हणेल, रचनाकार स्वतः उभा आहे म्हणजे तेच प्रमाण. तसं नसतं, रचनाकार आपल्याच कामाचे चांगले संचालक असतातच असं नाही. इथे मात्र आहे. सीडीवर त्याच्यासोबत पहिली, ‘नॉर्डिक’ सिंफनी येते, तीही ऐकण्यासारखी.

श्वार्ट्झचं सिअ‍ॅटल. डेलोस कंपनीसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस झालेलं, ध्वनिमुद्रण जॉन आर्गलचं. पुढे नॅक्सॉसने परत काढलं, म्हणून सध्या सगळ्यांत सहज मिळतं ते हेच. श्वार्ट्झ मूळचा ट्रंपेटवाला, १९७० च्या दशकात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवत होता. ब्रासवाल्याचा हात ब्रासच्या चढणीत दिसतो, तिसऱ्या भागाची तुतारी इथे फार देखणी रचली आहे. आवाज प्रशस्त, उबदार, सभागृहाची घुमक भरपूर. हीच घुमक लेंटोत आड येते. हॉर्न सुंदर वाजतो, पण व्हायोलिनच्या मखमलीत थोडा मागे सरकतो. हेडफोनवर तो सापडतो, साध्या स्पीकरवर नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हॅन्सनच्या प्रेमात पाडायचं असेल तर हेच लावा.

लिओनार्ड स्लॅटकिन आणि सेंट लुईस सिंफनी, ईएमआयसाठी १९८० च्या दशकातलं. सोबत बार्बरचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, एल्मार ऑलिव्हेराने वाजवलेला. सीडीसाठी ही जोडी झकास. दुसरा भाग माझ्या कानाला इथे सगळ्यांत चांगला, लाकडी वाद्यं अगदी बोलतात. पण हॉर्नसाठी हे दुसऱ्या फेरीचं रेकॉर्डिंग.

चार्ल्स गेऱ्हार्ट आणि लंडनची नॅशनल फिलहार्मोनिक, १९६७ चं, चेस्की कंपनीने सीडीवर आणलेलं. आवाज भव्य आणि सिनेमाच्या वळणाचा. हॉर्न मोठे, थोडे नाटकी. ज्याला ब्रासचा थाटच हवा आहे त्याला हे मर्क्युरीपेक्षा आवडेल. एरिक कुन्झेलचं सिनसिनाटी पॉप्ससोबतचं टेलार्कवर आहे. स्वच्छ, सभ्य, आणि फार काही आठवणीत राहू नये असं.

ऐकण्याच्या साधनाबद्दल दोन शब्द, कारण इथे चांगलं रेकॉर्डिंगही वाया जातं. मोबाइलच्या स्पीकरवर ही सिंफनी ऐकू नका. खालचा बास, ट्युबा, कॉन्ट्राबासून त्यातून जवळजवळ गायब होतात, आणि ते गेले की वरचा हॉर्न कोणत्या आधारावर उभा आहे तेच कळत नाही. कानावर बसणारा साधा वायरचा हेडफोन पुरे. ॲपमध्ये ‘आवाज समान ठेवा’ अशा अर्थाची सेटिंग असते ती बंद करा. निदान ‘लाउड’ पर्याय तरी निवडू नका, तो शिखरं छाटतो. ३२० केबीपीएसला ही सिंफनी साधारण ६५ ते ७० एमबी होते. सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाइल दीडशे एमबीच्या आसपास. तालुक्याच्या गावी नेट गचके खात असेल तर आधी डाउनलोड करून ठेवा, नाहीतर भागांच्या मधल्या शांततेऐवजी फिरणारं चक्र ऐकावं लागेल. शफल बंद आहे ना तेही बघा. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये ऐकायचं म्हणाल तर मर्क्युरी लावा. श्वार्ट्झच्या शांत जागा डब्याच्या खडखडाटात बुडतात.

रेकॉर्डिंगसोबत वाजवून पाहणारे असतील, त्यांच्यासाठी नेमकं. फ्रेंच हॉर्न एफ पट्टीत लिहिला जातो, म्हणून डी-फ्लॅटची काळी एक हॉर्नच्या कागदावर ए-फ्लॅट दिसते. दुहेरी हॉर्नवर (एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन बाजू, अंगठ्याच्या कळीने बदलणाऱ्या) मधला ए-फ्लॅट अंगठा असो-नसो, दुसऱ्या आणि तिसऱ्या कळीने निघतो. बँडपार्टीतला ई-फ्लॅट ऑल्टो असेल तर तीच काळी एक कागदावर बी-फ्लॅट होते आणि मधल्या पट्टीत नुसत्या पहिल्या पिस्टनने वाजते. बी-फ्लॅट ट्रंपेटवाल्याला ई-फ्लॅट. नोटेशन येत नसेल तर काहीच बिघडत नाही. काळी एकला सा धरा आणि धून कानाने उतरवा. सूर बदलत जातात तेव्हा मात्र सा सोडून पळायची तयारी ठेवा, हॅन्सन एका षड्जावर बसून राहत नाही.

उन्हाळ्यात हे सोपं नाही. हवा तापली की ब्रासचा सूर चढतो. वाद्यातली सगळी हवा एका अंशाने तापली तर हिशेबाने साधारण ३ सेंट. वाजवणाऱ्याचा श्वास वाद्याच्या आतली हवा आधीच गरम ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो. पण मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या खोलीत वाद्य रेकॉर्डिंगपेक्षा वर जातंच. २० सेंट उतरवायचे तर एफच्या बाजूला नळीची लांबी चारेक सेंटिमीटर वाढावी लागते. स्लाइडला, म्हणजे सूर जुळवायला ओढायच्या नळीला, दोन पाय असतात, म्हणून ओढायची दोन सेंटिमीटर. बी-फ्लॅटच्या बाजूला दीड पुरते. फक्त मुख्य स्लाइड ओढून थांबलात तर कळींचे सूर वर राहतात, त्यांच्या छोट्या स्लाइडही थोड्या थोड्या ओढा. आधी तंबोऱ्याच्या ॲपवर काळी एक लावून, ए ४४० ठेवून सूर बसवा, मग रेकॉर्डिंग लावा. जुन्या रेकॉर्डिंगची पट्टी ॲपशी तंतोतंत जुळेल असं गृहीत धरू नका. जुळली नाही तर रेकॉर्डिंगला माना.

एक गोष्ट हमखास फसते. सोबत वाजवताना आपला आवाज ऐकू यावा म्हणून एकाच कानात इयरफोन घालतात. स्टीरिओ रेकॉर्डिंगचा एकच काठ मग कानात येतो, आणि हॉर्न दुसऱ्या काठाला बसलेला असला तर तो गेलाच. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं ते चालू करा, मग एका कानातही सगळं येतं. फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्याने इयरफोन डाव्या कानात घालावा, उजवा कान आपल्या घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या फुलत्या तोंडाच्या, बाजूला मोकळा राहू द्यावा.

चार ऑल्टो जमत असतील तर पहिल्या भागाची हॉर्नची धून बसवण्यासाठी चातुर्मास चांगला, लग्नं नसतात आणि हात मोकळे असतात. खोलीत बसवा, रस्त्यावर नको. फ्रेंच हॉर्न वरातीत टिकला नाही यामागे हेच आहे: घंटा मागे, आणि उघड्या रस्त्यावर आवाज परतवायला भिंत नाही. ऑल्टोची घंटा वर किंवा पुढे असते, म्हणून तो वरातीतही पोचतो, पण ऑर्केस्ट्रातल्या हॉर्नची गोलाई त्याच्यात येत नाही. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर, भिंतीकडे पाठ करून बसलात तर फ्रेंच हॉर्नचा आवाज बरा परततो. ऑल्टोवाल्यांनी उलट भिंतीकडे तोंड करून बघावं. चौघांनी आधी धून न वाजवता फक्त काळी एक मिनिटभर धरावी, दम संपेल तसा एकेकाने घ्यावा, सगळ्यांनी एकदम नाही. लाटा थांबल्या की धुनेला हात घाला.

नोटेशनच्या कागदांचं मात्र अवघड आहे. हॅन्सन २६ फेब्रुवारी १९८१ रोजी गेला. भारतीय कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४१ अखेरपर्यंत. जुन्या संगीताची पीडीएफ जशी मोफत मिळते तशी ही मिळायला नको, आणि मिळाली तर ती चोरीची समजा. कार्यक्रमात वाजवायची तर प्रकाशकाकडून रीतसर घ्यावी लागेल. स्वतःच्या अभ्यासासाठी लेंटोची हॉर्नची ओळ कानाने उतरवून घेणं हाच स्वस्त रस्ता. त्यासाठी गती ७५ टक्क्यांवर ठेवा. ५० टक्क्यांवर आणली की ॲप आवाज इतका ताणतं की हॉर्न कुठला आणि बासून कुठला ते ओळखू येत नाही.